डक्टेबल एसी-हीटर युनिटची देखभाल: कोल्हापूरच्या हवेत काय, कधी आणि कसं करायचं

राजारामपुरीतलं शोरूम, शिरोलीच्या कारखान्याचं ऑफिस, मंगल कार्यालयाचा हॉल, हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर. या सगळ्यांच्या छतावर किंवा मागच्या बोळात बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो: साडेपाच, साडेआठ, अकरा किंवा सतरा टनांचं डक्टेबल (पत्र्याच्या नळीतून, म्हणजे डक्टमधून हवा देणारं) स्प्लिट युनिट. काही ठिकाणी ते उलट फिरून गरम हवाही देतं, काही ठिकाणी डक्टमध्ये वेगळा इलेक्ट्रिक हीटर बसवलेला असतो. हा लेख अशा युनिटसाठी आहे. घरातल्या दीड टनाच्या एसीला यातलं निम्मंच लागू पडेल.

आपल्याकडे सर्व्हिसिंग म्हटलं की मेकॅनिक येतो, प्रेशर पंपाने आउटडोअर धुतो, जाळ्या झटकतो, 'गॅस थोडा कमी होता, मारलाय' म्हणतो आणि बिल देतो. युनिट स्वच्छ झालं हे खरं, पण त्याची तब्येत कशी आहे हे कुणालाच कळलेलं नसतं. सर्व्हिसिंगचा अर्धा वेळ मोजमापात आणि ते लिहून ठेवण्यात गेला पाहिजे. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे.

वर्षाची आखणी

कोल्हापूरची घाण तीन जातींची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी उडते. ती हलकी, काळी आणि पापुद्र्यासारखी असते, आणि आउटडोअरच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पट्ट्यात फाउंड्रीची बारीक वाळू आणि लोखंडाची धूळ मिळते. ही धूळ ओली झाली की अॅल्युमिनियमच्या फिन्सवर (गॅसच्या पाइपांच्या जाळ्यावर, म्हणजे कॉइलवर बसवलेल्या पातळ पत्र्यांवर) गंजाचे डाग पडतात. तिसरी रस्त्याची साधी धूळ, ती सगळीकडेच. त्यावर जून ते सप्टेंबर पाऊस आणि दमट हवा.

म्हणून मोठं सर्व्हिसिंग फेब्रुवारीत, होळीच्या आधी उरकावं. उन्हाळ्याच्या तोंडावर मेकॅनिक मिळत नाही आणि मिळाला तरी घाईत असतो. मे अखेरीस ड्रेन, विजेची जोडणी आणि हीटर तपासायचे. ऑक्टोबरमध्ये पावसाळ्याची बुरशी काढायची. गळीत हंगाम चालू असताना आउटडोअर कॉइल निदान दोनदा धुवायची. फिल्टरला सगळीकडे एकच महिना-तारीख लावू नका. शहरात साधारण पंधरा दिवसांनी, औद्योगिक वसाहतीत आठवड्याला, आणि शेजारी बांधकाम सुरू असेल तर त्याहून लवकर.

धुण्याआधी रीडिंग

युनिट बंद करण्याआधी ते किमान २० मिनिटं पूर्ण भाराने चालू द्या आणि हे आकडे वहीत लिहा: बाहेरचं सावलीतलं तापमान, परतीच्या हवेचं तापमान, ग्रिलमधून येणाऱ्या हवेचं तापमान, तिन्ही फेजचे व्होल्ट, कॉम्प्रेसर आणि ब्लोअरचे (आतल्या मोठ्या पंख्याचे) प्रत्येक फेजचे अँपियर, सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं) आणि डिस्चार्ज (त्यातून बाहेर जाणाऱ्या गॅसचं) प्रेशर, सक्शन पाइपचं तापमान. काम झाल्यावर पुन्हा हेच आकडे घ्यायचे. आधीचे आकडे नसले तर धुण्याने काय फरक पडला हे सांगता येत नाही आणि पुढच्या वर्षी तुलनेला काही उरत नाही.

परतीच्या आणि ग्रिलच्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक असावा. पावसाळ्यात दमट हवेमुळे तो ८च्या आसपास राहतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फरक १४-१५ अंशांवर गेला तर खूश होऊ नका, हवा कमी वाहते आहे. दर टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा हवी. साडेआठ टनांच्या युनिटला ती ३४०० च्या जवळ असते. ग्रिलवर अॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) धरून हिशोब लावता येतो.

मग मेन आयसोलेटर (युनिटचा मुख्य स्विच) बंद करा, त्याला कुलूप लावा, चावी काम करणाऱ्याच्या खिशात. फॅन कॅपॅसिटर डिस्चार्ज करा. कंट्रोल सप्लाय वेगळ्या एमसीबीवरून आलेला असतो हे बरेचदा विसरलं जातं, म्हणून टेस्टरवर भागवू नका, मीटर लावून बघा.

इनडोअर: फिल्टर, कॉइल, ब्लोअर

फिल्टर हवेच्या उलट दिशेने धुवायचा, म्हणजे स्वच्छ बाजूकडून पाणी मारायचं. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायचा नाही, ओल्या जाळीवर धूळ चिकटून चिखल होतो. फ्रेमच्या कडेने फट राहिली तर धूळ तिथूनच आत शिरते. कडेला फोमची पट्टी लावा. डिफरन्शियल गेज (फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा) असेल तर जाळी स्वच्छ असतानाचा आकडा गेजशेजारी लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की धुवायची वेळ.

इनडोअर कॉइलवर आधी कोरडी धूळ हातातल्या ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने, फिन्सच्या उभ्या दिशेत काढा. मग कॉइलसाठीचं सौम्य क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून फवारा, १० मिनिटं थांबा आणि हलक्या धारेने धुवा. अॅसिड नको. भांडी-फरशीचं अॅसिड कॉइलला चकाचक करतं खरं, पण फिन्स खाऊन टाकतं. दोन-तीन सीझनमध्ये त्या हाताने चुरतात.

ब्लोअरच्या पात्यांच्या पोकळीत साचलेला थर बाहेरून दिसत नाही. टॉर्च मारून, बोट फिरवून बघा. दोन मिलिमीटरचा थरसुद्धा हवा चांगलीच कमी करतो. पट्ट्यावर चालणारा ब्लोअर असेल तर मोटर आणि ब्लोअरच्या पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळी किंवा सरळ पट्टी लावून तपासा. पट्ट्याचा ताण असा मोजा: दोन पुल्यांच्या केंद्रांमधलं अंतर घ्या, आणि दर मीटरला सुमारे १६ मिमी एवढा पट्टा मध्यभागी दाबला जायला हवा. ५०० मिमी अंतर असेल तर ८ मिमी. जास्त ताणलेला पट्टा बेअरिंग खातो. सैल असेल तर सुरुवातीला किंचाळतो आणि पुलीखाली काळी भुकटी पडते. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकत्र, एकाच मापाचे आणि एकाच लॉटचे बदला, नाहीतर सगळा भार नव्यावर येतो. बेअरिंगला ग्रीस बेताचं. सील फुगून बाहेर येईपर्यंत मारलं तर धूळ आत जायला वाट मिळते.

आता एक फसवी गोष्ट. थ्री-फेज मोटर उलटी फिरली तरी ब्लोअर हवा पुढेच फेकतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे वायरमनने पॅनेलमध्ये काही केल्यावर 'थंड होत नाही' अशी तक्रार आली तर आधी ब्लोअरच्या केसिंगवरचा बाण आणि फिरण्याची दिशा जुळते का बघा.

ड्रेन

छतातून पाणी टपकण्याच्या तक्रारी जून-जुलैत येतात, आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा मेमध्ये न केलेल्या कामात असतं. ड्रेन पॅन काढून चिकट थर खरवडा. पाइपला मीटरमागे १० मिमी उतार हवा. मधे पाइप पोटाडला असेल तर तिथे हॅंगर लावा.

ब्लोअर कॉइलमधून हवा ओढतो तेव्हा पॅनमध्ये उणा दाब असतो. ट्रॅप (ड्रेनमधलं पाणी धरून ठेवणारं वळण) नसेल किंवा कोरडा असेल तर बाहेरची हवा ड्रेनमधून आत शिरते, पाणी पॅनमध्येच थांबतं आणि ओसंडतं. ट्रॅपचं माप साधं आहे: आतल्या उण्या दाबाचे जितके मिलिमीटर पाणी, त्यात २५ मिळवा. पॅनच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेर पडणाऱ्या तोंडापर्यंत एवढी उतरण हवी, आणि त्या तोंडाखाली याच्या निम्म्या खोलीचं पाणी उभं राहायला हवं. दाब २५ मिमी असेल तर उतरण ५० आणि पाणी २५. उन्हाळाभर बंद राहिलेल्या युनिटचा ट्रॅप सुकलेला असतो. चालू करण्याआधी त्यात तांब्याभर पाणी ओता. शेवटी पॅनमध्ये बादलीभर पाणी ओतून ते बाहेरच्या टोकाला जोरात पडतंय का हे स्वतः बघून या.

आउटडोअर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. काजळीवर थेट पाणी मारलं की ती फिन्सच्या मध्यात जाऊन घट्ट बसते. आधी कोरडी हवा आतून बाहेर मारा, मग क्लीनर, मग आतून बाहेर पाणी. त्यासाठी वरचा फॅन-पत्रा उचलावा लागतो. बाहेरूनच धुवून मोकळं होणारा मेकॅनिक घाण आत ढकलून जातो. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप जवळून मारला तर फिन्स आडव्या पडतात. पडलेल्या फिन्स कंगव्याने सरळ करा. कंगव्याचं माप फिन्सच्या संख्येशी जुळलं पाहिजे.

लक्ष्मीपुरी, गुजरीच्या बोळांतली युनिट्स स्वतःचीच गरम हवा परत ओढतात. कॉइलच्या तोंडाशी थर्मामीटर धरा. तिथलं तापमान सावलीतल्या हवेपेक्षा ३-४ अंशांनी जास्त असेल तर कितीही धुवून फायदा नाही. वरती पत्र्याचं नळकांडं लावून गरम हवा उंचावर सोडा किंवा जागा बदला. कंडेन्सिंग तापमान (आउटडोअर कॉइलमध्ये गॅस ज्या तापमानाला द्रव होतो ते) एक अंशाने वाढलं की विजेचा वापर साधारण २ ते ३ टक्क्यांनी वाढतो.

वीज

सगळे टर्मिनल स्क्रू कसून घ्या. भार असताना इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की ढिला सांधा शेजारच्यांपेक्षा गरम दिसतो. कॉन्टॅक्टरचे (भार चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) पॉइंट काळे असले तर चालतं, खड्डे पडले असतील तर कॉन्टॅक्टर बदला. कानशीने घासू नका, वरचा चांदीचा थर निघून जातो.

फेजचा असमतोल असा काढायचा. समजा मीटरवर ४२०, ४०८ आणि ४०२ व्होल्ट आले. सरासरी ४१०. सगळ्यात मोठा फरक १०. दहा भागिले ४१०, म्हणजे सुमारे २.४ टक्के. मर्यादा २ टक्के धरावी. असमतोलाच्या वर्गाच्या दुप्पट इतक्या टक्क्यांनी वाइंडिंगची तापवाढ होते, म्हणजे ३ टक्क्यांना जवळपास १८ टक्के. आधी आपल्याच पॅनेलमधला सिंगल-फेज भार वाटून द्या. तरी फरक राहिला तर महावितरणकडे लेखी तक्रार करा.

स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर खडखडतो, दोन्ही प्रेशर जवळजवळ सारखी राहतात आणि थंडावा शून्य. फेज सिक्वेन्स रिले यासाठीच असतो. ट्रान्सफॉर्मर किंवा केबलचं काम झाल्यावर फेज बदलून येतात, रिले युनिट चालू होऊ देत नाही, आणि कुणीतरी तो 'तात्पुरता' बायपास करतो. सर्व्हिसिंगच्या वेळी हा बायपास शोधून काढून टाका. दोन फेज अदलाबदल करणं पाच मिनिटांचं काम आहे, कॉम्प्रेसर बदलणं तसं नाही.

मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) ५०० व्होल्टचाच वापरा, आणि सिस्टिम व्हॅक्यूमखाली असताना (पंपाने आतली हवा काढलेली असताना) कॉम्प्रेसरला मेगर किंवा वीज अजिबात लावू नका. आत ठिणगी पडून टर्मिनल जळतात.

मंगल कार्यालयांसाठी खास: दोन समारंभांच्या मधे मेन एमसीबी पाडून ठेवायची पद्धत महागात पडते. मेन बंद म्हणजे क्रँककेस हीटरही (कॉम्प्रेसरच्या तळातलं तेल गरम ठेवणारा) बंद. थंड पडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस द्रव होऊन तेलात मिसळतो, आणि लग्नाच्या सकाळी चालू करताच तेलासकट फेसाळून वर जातो. बेअरिंग कोरडी पडतात. मुहूर्ताच्या आदल्या रात्री, किमान १२ तास आधी मेन चालू करा. युनिट थर्मोस्टॅटवरून बंद ठेवा.

गॅस: आधी निदान, मग सिलिंडर

सीलबंद सिस्टिममध्ये गॅस खर्च होत नाही. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस म्हणजे हवेत सोडलेले पैसे.

नेमप्लेटवर गॅस कोणता आहे ते बघा. आर-२२ ची जुनी युनिट्स अजून भरपूर आहेत. हा गॅस भारतात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे, त्यामुळे मोठी दुरुस्ती निघाली तर बदलण्याचा हिशोब करा. नव्यांत आर-४१०ए किंवा आर-३२. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून तिथे ब्रेझिंगआधी (पाइप तापवून सांधण्याआधी) गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून, नायट्रोजन फिरवून आणि दारं-खिडक्या उघडूनच काम.

आता आर-४१०ए चं उदाहरण घेऊ. सक्शनवर १२० पीएसआय म्हणजे कॉइलमधलं तापमान सुमारे ५ अंश. आउटडोअरजवळ सक्शन पाइपचं तापमान १२ अंश असेल तर सुपरहीट (पाइप कॉइलपेक्षा किती अंशांनी गरम) ७. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) असलेल्या युनिटला ५ ते ८ ठीक.

समजा सक्शन ९५ वर आलं, म्हणजे कॉइल उणे २ अंशांवर. इथेच बहुतेक जण सिलिंडरकडे हात टाकतात. आधी पाइपचं तापमान बघा. पाइप १६ अंश असेल तर सुपरहीट १८, कॉइल उपाशी आहे: गॅस कमी, किंवा ड्रायर (ओलावा-कचरा गाळणारा फिल्टर) तुंबला, किंवा व्हॉल्व्ह अडकला. पण पाइप शून्य अंश असेल तर सुपरहीट फक्त २. गॅस पुरेसा आहे, कॉइलवर हवाच येत नाही. फिल्टर, पट्टा, डॅम्पर (डक्टमधली झडप), ब्लोअरची दिशा बघा. या दुसऱ्या अवस्थेत गॅस मारला तर प्रेशर वाढून गेज सुंदर दिसतो आणि द्रव कॉम्प्रेसरमध्ये परत जातो. महिन्याभरात कॉम्प्रेसर बसला की दोष व्होल्टेजला दिला जातो.

पहिल्या अवस्थेत गॅस कमी की अडथळा, हे लिक्विड लाइन (आउटडोअरमधून द्रव आणणारा पाइप) सांगते. सबकूलिंग (हा पाइप कंडेन्सिंग तापमानापेक्षा किती अंशांनी गार) ५ ते ८ अंश हवं. ते शून्याजवळ असेल तर गॅस कमी. भरपूर असेल आणि ड्रायरच्या दोन टोकांत तापमानाचा फरक हाताला जाणवत असेल तर ड्रायर बदला.

डिस्चार्जचं असं: बाहेर ३६ अंश असताना स्वच्छ युनिटचं कंडेन्सिंग ५० च्या आसपास, म्हणजे सुमारे ४३० पीएसआय. ते ४८५ ला गेलं तर ५५ अंश झाले: कॉइल घाण, फॅन मंद, गरम हवा फिरतेय, किंवा आधीच्या कुणीतरी गॅस जास्त मारलाय.

गळती शोधताना आधी तेलाचे डाग बघा: फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपी, कॉइलचे यू-बेंड, पाइप जिथे पत्र्याला घासतो ती जागा. मग साबणाचं पाणी. प्रेशर टेस्ट फक्त कोरड्या नायट्रोजनने, नेमप्लेटवरच्या मर्यादेत. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा तेलाबरोबर स्फोट घडवते. रात्रभर प्रेशर ठेवलं तर तापमान लिहायला विसरू नका. संध्याकाळी ३२ अंशांना ४०० पीएसआय असलेला नायट्रोजन पहाटे २० अंशांना गळती नसतानाही ३८४ च्या जवळ दिसतो.

दुरुस्तीनंतर, गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओलावा काढतात. या व्हॅक्यूमबाबत कोल्हापुरातला एक गोंधळ. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५०-५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाबच सुमारे २८ इंच पारा आहे, त्यामुळे काट्याचा गेज ३० इंचांपर्यंत जाणारच नाही. 'पंप खराब आहे' म्हणून तासन्‌तास बसण्यात अर्थ नाही, आणि २८ इंच दिसले म्हणजे ओलावा गेला असंही नाही. मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब मोजणारा) लावा. ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवा, पंप वेगळा करून १० मिनिटं थांबा. १००० च्या आत स्थिरावला तर ठीक. सतत चढत राहिला तर गळती, वर जाऊन थांबला तर ओलावा. मग गॅस वजनकाट्यावर, नेमप्लेटवरच्या ग्रॅमनुसार. आर-४१०ए मिश्रण आहे, सिलिंडरमधून द्रवरूपातच काढायचं आणि चालू युनिटला हळूहळू द्यायचं.

हीटिंगची बाजू

कोल्हापुरात हीटर डिसेंबरपेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये जास्त कामाला येतो. ऑपरेशन थिएटरमध्ये हवा आधी थंड करून पाणी काढतात आणि मग थोडी तापवतात, तेव्हाच आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहते. म्हणून हीटरची तपासणी मेमध्ये.

बंद पडून राहिलेल्या एलिमेंटमधली भुकटी ओलावा शोषते आणि चालू करताच अर्थ-लीकेज ट्रिप होतो. मेगर एक मेगाओमच्या खाली दाखवत असेल तर आधी एलिमेंट वाळवा. ९ किलोवॅटचा थ्री-फेज हीटर प्रत्येक फेजला साधारण १२.५ अँपियर घेतो. एका फेजवर कमी दिसले तर एलिमेंट गेलं.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी सुरक्षेची. हीटरचे पॉवर फ्यूज काढा, कंट्रोल चालू ठेवा, हीटिंगची मागणी द्या आणि ब्लोअर बंद करा. हीटरचा कॉन्टॅक्टर त्याच क्षणी सुटला पाहिजे. सुटला नाही तर एअरफ्लो स्विच अडकला आहे किंवा कुणीतरी शॉर्ट केला आहे. तो दुरुस्त होईपर्यंत हीटर वापरू नका, डक्टमधल्या आगी अशाच लागतात. हीटर बंद झाल्यावर ब्लोअर दोन-तीन मिनिटं चालत राहतो का, हेही बघा.

हीट पंप (उलट फिरून गरम हवा देणारं युनिट) असेल तर फोर-वे व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवणारा) महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंना फिरवून घ्या, नाहीतर अडकतो. आतून गळतोय का हे कळायला व्हॉल्व्हमध्ये येणाऱ्या थंड पाइपचं आणि कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या सक्शन पाइपचं तापमान मोजा. २-३ अंशांपेक्षा जास्त फरक म्हणजे गरम गॅस आतल्या आत पलीकडे जातोय.

पुराचं पाणी

२०१९ आणि २०२१ नंतर शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीच्या बाजूला जमिनीवर आउटडोअर ठेवणं शहाणपणाचं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सखल भागात असाल तर ३९ ला आयसोलेटर बंद करा, ४३ ची वाट पाहू नका.

बुडालेलं युनिट पाणी ओसरल्यावर चालू करून बघायचं नाही. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवा, वाळला की सिमेंट होतो. पीसीबी, कॉन्टॅक्टर, रिले, कॅपॅसिटर बदलाच. फॅन मोटर उघडून वाळवा, बेअरिंग बदला, मेगर करा. गॅसचा सीलबंद भाग सहसा वाचतो, कॉम्प्रेसरचा टर्मिनल बॉक्स मात्र पूर्ण कोरडा करा. डक्टच्या आत भिजलेली ग्लासवूल फेकून द्या. क्रँककेस हीटर २४ तास चालवून मगच पहिला स्टार्ट.

एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) काय लिहून घ्यायचं

वर्षातून चार भेटी, प्रत्येक भेटीत धुण्याआधीचे आणि नंतरचे रीडिंग, गॅस भरला तर किती ग्रॅम आणि गळती कुठे सापडली याची नोंद, काढलेला जुना पार्ट मालकाच्या ताब्यात. वही युनिटच्या पॅनेलजवळ राहील, मेकॅनिकच्या बॅगेत जाणार नाही. आणि कपाटात एक जादा कॉन्टॅक्टर, पट्ट्यांचा एक संच, फॅन कॅपॅसिटर, कंट्रोल फ्यूज आणि फिल्टरचा दुसरा सेट ठेवा. रविवारी संध्याकाळी दुकानं बंद असतात.